पिट्सबर्ग: हब गेलं, विमानतळ राहिला

मनमाडला गाडी बदलणारा माणूस मनमाडचा नसतो. नांदेडकडून येऊन भुसावळकडे निघालेला प्रवासी तिथे उतरतो, फलाटावर चहा घेतो, पुढची गाडी लागली की चढतो आणि जातो. गावाशी त्याचा संबंध तेवढाच. तरी त्याच्या जिवावर फलाटावरचे स्टॉल चालतात, हमालांना काम मिळतं आणि गावाला जंक्शन म्हणून नाव मिळतं. अमेरिकेतल्या विमान कंपन्या ज्याला 'हब' म्हणतात ते असंच जंक्शन. फरक एकच आहे, आणि हे सगळं प्रकरण त्या फरकातून उभं राहिलं. मनमाडचे रूळ कुणाला उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाहीत. विमानाच्या जंक्शनला रूळच नसतात. कंपनीने पुढच्या हंगामाचं वेळापत्रक बदललं की जंक्शन हललं. मागे राहते इमारत, आणि तिच्यासाठी काढलेलं कर्ज.

पेनसिल्वेनिया राज्याच्या पश्चिम भागातल्या पिट्सबर्गमध्ये हेच झालं. अमेरिकन विमान कंपन्यांच्या मार्गजाळ्यांवर बोलताना अटलांटा आणि डॅलसची यशोगाथा नेहमी सांगितली जाते. मला पिट्सबर्ग जास्त शिकवणारं वाटतं, कारण इथे जवळपास प्रत्येक पक्षाने त्या त्या वेळी शहाणपणाचाच निर्णय घेतला होता.

जंक्शनचं गणित

1978 पर्यंत अमेरिकेत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विमान न्यायचं तर सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड या सरकारी मंडळाची परवानगी लागे. मार्ग मंडळ ठरवायचं, तिकिटाचे दरही तेच मंजूर करायचं. 24 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि कंपन्यांना हवं तिथे, हव्या त्या दराने विमान नेण्याची मोकळीक मिळाली.

मोकळीक मिळाल्यावर बहुतेक मोठ्या कंपन्या एकाच उत्तरापाशी पोहोचल्या, कारण गणितच तसं आहे. समजा 40 शहरं आहेत आणि प्रत्येकातून एकेक विमान एका मधल्या शहरात येतं. तिथे प्रवाशांची अदलाबदल होते आणि विमानं परत जातात. एवढ्या 40 मार्गांवर कंपनी 820 शहरजोड्यांची तिकिटं विकू शकते: 40 मधल्या शहराशी थेट, आणि 780 तिथे विमान बदलून. ऑल्बनीहून लॉस एंजेलिसला जाणारे रोज पाचसात जणच असतील, त्यांच्यासाठी थेट विमान परवडणार नाही. पण ऑल्बनीच्या विमानात लॉस एंजेलिसचे सात, शिकागोचे दहा, ऑरलँडोचे पंधरा असे मिळून विमान भरतं.

मात्र अदलाबदल व्हायची तर सगळ्यांनी एकाच वेळी यायला हवं. म्हणून हबवर दिवसभर विमानांच्या लाटा येतात. अर्ध्यापाऊण तासात डझनावारी विमानं उतरतात, सगळे दरवाजे, म्हणजे गेट, एकदम भरतात. बफेलोहून आलेला माणूस छताला टांगलेल्या पडद्यावर आपला पुढचा गेट शोधत झपाझप चालतो, खाली सामानाच्या गाड्या एका विमानाच्या पोटातून दुसऱ्याकडे धावतात. तासाभरात सगळी विमानं निघून जातात आणि इमारत पुढच्या लाटेपर्यंत रिकामी होते. त्यामुळे हबची इमारत दिवसाच्या सरासरी गर्दीच्या मापाने बांधून चालत नाही. भरतीच्या त्या तासाचं माप धरावं लागतं, आणि खर्च तिथेच वाढतो.

टपालाच्या पिशवीपासून

पिट्सबर्गचं हब ज्या कंपनीचं, ती पश्चिम पेनसिल्वेनियाच्याच मातीतली. 1939 मध्ये ऑल अमेरिकन एव्हिएशन नावाने ती टपाल वाहून नेऊ लागली. डोंगराळ भागातल्या लहान गावांत धावपट्टी नव्हती, म्हणून दोन खांबांमध्ये दोर ताणून त्याला टपालाची पिशवी बांधत. विमान खाली झेप घेई, लोंबता आकडा दोर पकडे आणि न उतरताच पिशवी वर खेचून घेई. पुढे याच कंपनीची अलिगेनी एअरलाइन्स झाली, 1979 मध्ये यूएसएअर आणि 1997 मध्ये यूएस एअरवेज.

पिट्सबर्ग म्हणजे पोलादाचं शहर. अलिगेनी आणि मोनॉन्गहिला या नद्या मिळून जिथे ओहायो नदी होते, तिथे वसलेलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादाचा धंदा कोसळला, भट्ट्या विझल्या, तरुण माणसं बाहेर गेली. 1950 मध्ये शहराची लोकसंख्या पावणेसात लाख होती, 2000 च्या जनगणनेत ती 3 लाख 34 हजारांवर आली. गिरण्या बंद झाल्यावर लालबाग-परळचं काय झालं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना या आकड्यामागची घरं वेगळी दाखवायला नकोत. अशा शहरात एक धंदा वाढत होता, तो विमानांचा. यूएसएअर रोज शेकडो उड्डाणं करत होती आणि तिला जुनं, 1952 सालचं टर्मिनल अपुरं पडत होतं.

अलिगेनी काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, नवं टर्मिनल बांधायचं ठरवलं. काउंटी आयुक्त टॉम फोर्स्टर या कामाच्या मागे ठामपणे उभे राहिले. पोलाद गेलेल्या जिल्ह्यात हजारो पगारी नोकऱ्या देणारी कंपनी मोठी जागा मागत असेल, तर निवडून आलेला कोणता माणूस नाही म्हणेल? मी त्यांच्या जागी असतो तर मीही हो म्हटलं असतं.

1 ऑक्टोबर 1992 रोजी ते टर्मिनल उघडलं. खर्च सुमारे 1 अब्ज डॉलर. वास्तुविशारद टासो कॅटसेलस यांची रचना जाणकार आजही वाखाणतात. विमानांची इमारत इंग्रजी एक्स अक्षरासारखी आणि धावपट्ट्यांच्या मधोमध. प्रवासी अलीकडच्या इमारतीत तिकीट दाखवून जमिनीखालच्या छोट्या गाडीने पलीकडे जायचे. एक्सच्या चारही पंखांभोवती विमानांना फिरायला ऐसपैस जागा होती, त्यामुळे एक विमान मागे सरताना दुसरं अडकत नसे. मधल्या चौकात दुकानं होती, आणि गावातल्या दुकानापेक्षा जास्त दर लावायचा नाही अशी अट त्यांना होती. विमानतळावरचं पाणीसुद्धा दुप्पट दराने घ्यायची सवय झालेल्या आपल्यासारख्यांना ही अट ऐकूनच बरं वाटतं.

विमान बदलणाऱ्यासाठी अमेरिकेत इतकी सोयीची जागा त्या काळी क्वचितच असेल. सगळी इमारतच त्याच्यासाठी बेतलेली होती, आणि तो पिट्सबर्गचा नव्हता.

1989 मध्ये बदललेली बाजू

माझ्या मते या प्रकरणातली निर्णायक तारीख 1992 मधली नाही आणि 2001 मधलीही नाही. ती ऑगस्ट 1989 मधली आहे. त्या महिन्यात पीडमाँट एअरलाइन्स यूएसएअरमध्ये पूर्णपणे विलीन झाली, आणि पीडमाँटबरोबर तिचं शार्लटचं हब आलं.

तोपर्यंत यूएसएअरला पिट्सबर्गची जितकी गरज होती, तितकीच पिट्सबर्गला यूएसएअरची होती. विलीनीकरणानंतर तराजू कलला. नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट हे वाढतं, बँकांचं शहर, आणि विमानतळ स्वस्त. फिलाडेल्फियातही कंपनीचा मोठा तळ होता. फिलाडेल्फिया तर त्याच राज्यात, हवाई मार्गाने जेमतेम 430 किलोमीटरवर. ऑल्बनीच्या प्रवाशाला लॉस एंजेलिसला न्यायचं तर आता तिघांपैकी कुठूनही नेता येत होतं. इकडे काउंटीने एका कंपनीच्या भरवशावर बांधकाम चालवलं होतं, आणि ते चालू असतानाच त्या कंपनीच्या हातात पर्याय आले. धंदा वाढत होता तोवर हे कुणाच्या डोळ्यांत भरण्यासारखं नव्हतं. तिन्ही ठिकाणी विमानं वाढतच होती. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पिट्सबर्गहून वर्षाला 2 कोटींच्या आसपास प्रवासी ये-जा करत, कंपनीची रोज 500 हून अधिक उड्डाणं होत आणि त्या भागात तिचे सुमारे 12,000 कर्मचारी होते.

त्या 2 कोटींतले बहुसंख्य फक्त विमान बदलणारे होते. ज्या प्रवाशाचं घर किंवा काम त्या शहरात आहे, त्याला विमान धंद्यात स्थानिक प्रवासी म्हणतात. तो कंपनीसाठी अधिक मोलाचा, कारण त्याच्यापुढे पर्याय कमी असतात आणि तो थेट विमानासाठी जास्त पैसे मोजतो. बदलणारा प्रवासी दहा कंपन्यांचे दर बघतो, त्याला पिट्सबर्ग, डेट्रॉइट, सिनसिनाटी सगळं सारखंच. फिलाडेल्फियाच्या परिसरात स्थानिक प्रवासी पिट्सबर्गच्या दुपटीहून अधिक होते, आणि युरोपला जाणाऱ्या विमानांसाठी ती जागाही सोयीची होती.

उतरण

1993 मध्ये साउथवेस्ट ही स्वस्त दराची कंपनी बॉल्टिमोरला आली. तिथे यूएसएअरचा तळ होता, तो हळूहळू तिच्या हातून गेला. यूएस एअरवेजने 1998 मध्ये मेट्रोजेट नावाने स्वतःची स्वस्त सेवा काढली, ती 2001 मध्ये बंद केली. देशाच्या ईशान्य भागातले छोटे मार्ग, जुन्या कंपन्या एकत्र केल्याने चढलेला खर्च आणि खालून दर पाडणारा प्रतिस्पर्धी, अशी तिची कोंडी झाली होती. 2000 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने तिला विकत घ्यायचं ठरवलं, पण अमेरिकेच्या न्याय खात्याने विरोध केला आणि जुलै 2001 मध्ये तो सौदा मोडला. दोन महिन्यांनी 11 सप्टेंबर उजाडला.

ऑगस्ट 2002 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं, मार्च 2003 मध्ये ती त्यातून बाहेर आली, आणि सप्टेंबर 2004 मध्ये पुन्हा न्यायालयात गेली.

इथे विमानतळाचा करार समजून घेतला पाहिजे. अमेरिकेत मोठे विमानतळ सहसा काउंटीचे, शहराचे किंवा त्यांनी नेमलेल्या प्राधिकरणाचे असतात. बांधकामासाठी रोखे काढतात आणि त्यांचे हप्ते विमान कंपन्यांच्या भाड्यातून आणि उतरण्याच्या शुल्कातून फेडतात. पिट्सबर्गच्या करारात वर्षाचा खर्च भागून जी तूट राहील ती कंपन्यांनी मिळून भरायची, अशी पद्धत होती. मोठा भाडेकरू जागेवर आहे तोवर रोखे घेणाऱ्यासाठी याहून सुरक्षित काही नाही. पण तो विमानं कमी करू लागला की तीच रक्कम थोड्या विमानांवर वाटली जाते. प्रत्येक उतरणीचा खर्च वाढतो, आणि वाढीव खर्च बघून बाकीचेही पाय मागे घेतात. सोसायटीत निम्मी घरं रिकामी झाली की लिफ्टचा खर्च उरलेल्यांच्या माथी येतो, तसंच हे.

दिवाळखोरीचा अमेरिकन कायदा कंपनीला नको असलेले भाडेकरार नाकारण्याची मुभा देतो. यूएस एअरवेजने पिट्सबर्गच्या बाबतीत ती वापरली. दीर्घ मुदतीच्या कराराने आपण बांधलेले आहोत असं काउंटी धरून चालली होती, पण बांधलेली तीच होती. कंपनी खर्चात मोठी कपात मागत होती. काउंटी आणि राज्य सरकारने वाटाघाटी केल्या, सवलती देऊ केल्या, पण शार्लटचा खर्च गाठणं पिट्सबर्गला शक्य नव्हतं. कर्ज तर डोक्यावर होतंच.

नोव्हेंबर 2004 मध्ये पिट्सबर्गचं हब संपलं. लाटा थांबल्या, युरोपची विमानं गेली, शेकड्याने उड्डाणं कमी झाली. फिलाडेल्फिया आणि शार्लट राहिले.

पुढच्याच महिन्यात जे घडलं ते या प्रकरणातलं सर्वांत बोलकं चित्र आहे. 2004 च्या नाताळात फिलाडेल्फियात यूएस एअरवेजची सामानव्यवस्था कोलमडली. अपुरे कर्मचारी, त्यात अनेकांनी घेतलेली आजारपणाची रजा. हजारो बॅगा मालकांविना पडून राहिल्या, सणाला घरी निघालेली माणसं कपड्यांविना आणि भेटवस्तूंविना पोहोचली. फिलाडेल्फिया दाटीवाटीचा, उशिरासाठी बदनाम विमानतळ. पिट्सबर्गचे ऐसपैस दरवाजे आणि मोकळ्या धावपट्ट्या त्या वेळी ओस पडायला लागल्या होत्या.

मग कंपनीने चूक केली का? हा प्रश्न मी स्वतःला बरेचदा विचारलाय, आणि उत्तर नाही असंच येतं. विमान चालवायला पिट्सबर्ग उत्तम होतं, तिकीट विकायला फिलाडेल्फिया. दिवाळखोरीत अडकलेली कंपनी दुसऱ्याच निकषाने निवड करणार. धावपट्ट्या, दरवाजे आणि वेळेवर उड्डाणं यांनी हब चांगलं चालतं, पण ते टिकतं की नाही हे गावातून किती माणसं आणि किती पैशात प्रवास करतात यावर ठरतं. दर्जेदार बांधकामाने ग्राहक बांधून ठेवता येतो हा पिट्सबर्गचा समज प्रामाणिक होता, आणि चुकीचा होता.

नंतरची वर्षं

सप्टेंबर 2005 मध्ये अमेरिका वेस्ट या विमान कंपनीने यूएस एअरवेजला सामावून घेतलं. डग पार्कर प्रमुख झाले, फीनिक्सचं हब आलं आणि पिट्सबर्ग आणखी मागे पडलं. ऑक्टोबर 2007 मध्ये कंपनीने रोजची 108 उड्डाणं 68 वर आणणार असल्याचं जाहीर केलं. डिसेंबर 2013 मध्ये ती अमेरिकन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्या वेळी सरकारांशी झालेल्या तडजोडीत काही हब ठरावीक काळ टिकवण्याची अट कंपनीने मान्य केली. फिलाडेल्फिया, शार्लट, फीनिक्स यांची नावं त्यात होती. पिट्सबर्गचं नव्हतं, टिकवण्यासारखं हब तिथे उरलंच नव्हतं. आज शार्लट हे अमेरिकनच्या जाळ्यात डॅलसच्या खालोखालचं केंद्र आहे.

विमानतळावर काही पंखांचा शेवटचा भाग भिंत घालून बंद केला गेला. प्रवासी घटत घटत 2013 च्या सुमारास 80 लाखांच्या आसपास आले. कर्जाचे हप्ते मात्र चालूच होते, आणि राज्याने ते फेडायला जुगाराच्या यंत्रांवरच्या करातून मदत दिली.

तरी पिट्सबर्गकरांचं सगळं नुकसानच झालं असं म्हणणं खरं नाही. हब होतं तेव्हा बहुतांश उड्डाणं एकाच कंपनीची, त्यामुळे तिकिटं महाग असत. मे 2005 मध्ये साउथवेस्ट आली आणि दर उतरले. पूर्वी शंभरावर ठिकाणी थेट जाता येई, आता बऱ्याच ठिकाणी मध्ये कुठेतरी बदलावं लागतं, पण खिशाला झळ कमी बसते. विद्यार्थ्याला किंवा लेकीकडे जाणाऱ्या आजीला हे बरंच म्हणायचं. लंडनला थेट जाऊन त्याच दिवशी बैठक घ्यायची असलेल्या कंपनीला नाही. शहराने मग थेट युरोप सेवेसाठी पैसे मोजायलाही सुरुवात केली. 2009 मध्ये डेल्टाने पॅरिसची सेवा सुरू केली ती उत्पन्नाची हमी मिळाल्यावर. काल ज्या गावात विमानं आपणहून येत होती, त्या गावाला आज हमी देऊन ती बोलवावी लागली.

आणि पिट्सबर्ग एकटं नव्हतं. सेंट लुइसमध्ये ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं हब अमेरिकनने 2001 मध्ये घेतलं, 2003 मध्ये छाटलं. गर्दीसाठी बांधायला घेतलेली सुमारे 1 अब्ज डॉलरची नवी धावपट्टी 2006 मध्ये पूर्ण झाली, तेव्हा गर्दी निघून गेली होती. डेल्टाने नॉर्थवेस्टशी विलीन झाल्यावर सिनसिनाटी आणि मेम्फिस सोडलं, युनायटेडने 2014 मध्ये क्लीव्हलंड. दोन कंपन्या एक झाल्या की जवळजवळची दोन हब नको होतात, आणि पत्ता कापला जातो तो स्थानिक प्रवासी कमी असलेल्या गावाचा.

2015 मध्ये क्रिस्टीना कसोटिस पिट्सबर्ग विमानतळाच्या प्रमुख झाल्या. हब परत येणार नाही हे त्यांनी स्वीकारलं आणि आपला प्रवासी कोण यावर काम सुरू केलं. अनेक कंपन्यांना थोडा थोडा धंदा द्यायचा, कुणा एकावर विसंबायचं नाही. 2017 मध्ये तिकीट नसलेल्या लोकांनाही तपासणी करून आत येण्याची मुभा मिळाली, 11 सप्टेंबरनंतर अमेरिकेत असं करणारा हा पहिला मोठा विमानतळ. आई-वडिलांना दरवाजापर्यंत सोडता येऊ लागलं. 2019 मध्ये ब्रिटिश एअरवेजची लंडन सेवा वीस वर्षांनी परतली.

नोव्हेंबर 2025 मध्ये नवं टर्मिनल उघडलं, खर्च सुमारे 1.7 अब्ज डॉलर. ते जुन्या एक्सलाच जोडून बांधलंय. दरवाजे 75 वरून 51 वर आणले, तिकीट दाखवायची ती अलीकडची इमारत आणि जमिनीखालची गाडी दोन्ही रद्द झाली. जागा वाढवली ती तपासणीच्या रांगांसाठी आणि बॅगा घेण्यासाठी. विमान बदलणाऱ्याला या दोन्हींची गरज नसते, गावच्या माणसाला असते.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकायला निघालेली पुण्या-मुंबईची मुलं मुंबईहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला जातात आणि तिथे पिट्सबर्गचं विमान धरतात. जंक्शन आता त्यांच्यासाठी नेवार्क आहे, पिट्सबर्ग हा शेवटचा थांबा. तिथे उतरल्यावर पुढचा गेट शोधायचा नसतो. चालत सामानाच्या पट्ट्यापाशी जायचं, आईने भरून दिलेल्या दोन जड बॅगा उचलायच्या आणि बाहेर पडून गावाकडे जाणारी बस धरायची.